गोळीचा उपास

मित्रांनो, माझं काळं बूड बघून नाक मुरडू नका. मी चऱ्होलीच्या गोजाबाईंची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, चहाची पातेली आहे. आळंदीच्या बाजारात त्यांनी मला टिचकी मारून, वाजवून पारखून घेतलं, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. घरात चकचकीत स्टीलची भांडी आली, समोरच्या ज्वारीच्या वावरात बारा मजली इमारती उभ्या राहिल्या, पण पहाटे गॅसवर चढायचा पहिला मान माझाच राहिला. बाकीची भांडी जळतात, जळू देत.

सून वर्षाली घरात आली आणि चाकणच्या एका कंपनीत लागली. गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर तिचं काम. सव्वासहाला नाक्यावर कंपनीची बस येते. सासूने सुनेला चहा करून द्यायची आमच्याकडे रीत नाही. गोजाबाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की पोरगी दिवसभर उभी राहून राबते, पहाटेचा चहा मीच करणार. आलं ठेचून, म्हशीचं दूध घालून! मला कोण आनंद झाला म्हणून सांगू.

दोन वर्षांपूर्वी वर्षालीला सारखी झोप यायला लागली. केस गळत, भर उन्हाळ्यात थंडी वाजे, गळाही जरा सुजलेला दिसे. पिंपरीच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली, तर गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत दोन गाठी. मग सुई टोचून तपासणी. निकाल येईपर्यंत आठ दिवस माझ्यातला चहा उतू गेला तरी कुणाचं लक्ष नसे. गाठी साध्या निघाल्या, देवाची कृपा. वर्षातून एकदा सोनोग्राफी करून लक्ष ठेवलं की झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण रक्ताच्या तपासणीत दुसरंच कळलं. शरीराची राखण करणारी फौज तिच्याच थायरॉइडवर उलटली होती. आजाराचं नाव हाशिमोटो. चाकणला जपानी साहेब पुष्कळ, म्हणून गोजाबाईंनी आधी त्यांतल्याच कुणाला तरी चार शिव्या घातल्या.

औषध एवढंच, रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी, जन्मभर.

आता उपासाचं गोजाबाईंना कुणी शिकवावं? सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास चहावर काढलेली बाई ती. चहाने उपास मोडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आणि वर्षालीलाही. म्हणून गोळी रोज माझ्यातल्या गरमागरम चहाबरोबर पोटात जाई. आणि मी? आपणच औषध पोचवतो आहोत अशा ऐटीत उकळत होते.

सहा महिने झाले. डोस दोनदा वाढला, तरी रिपोर्ट होता तिथेच. लाइनवर सगळ्यांत चपळ हात वर्षालीचे, तेच मागे पडायला लागले. सुपरवायझरने तिला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं आणि दोन महिन्यांत तब्येत सुधारली नाही तर लाइनवरची जागा दुसरीला देऊ, असं सांगितलं. त्या दिवशी ती ओट्यापाशी उभी राहून खूप रडली. गोजाबाईंनी मला गॅसवर चढवलं. दुसरं त्यांना काय सुचणार?

पुढचं मी त्या दोघींच्या बोलण्यातून ऐकलं. पुढच्या तपासणीला दोघी दवाखान्यात गेल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? गोजाबाई अभिमानाने म्हणाल्या, चहाबरोबर, मी सोता करून देते. तेव्हा बाईंनी समजावलं की चहा आणि दूध ही गोळी अंगाला नीट लागू देत नाहीत. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा तासाभराने.

घरी आल्यावर गोजाबाईंनी मला घासलं आणि फळीवर पालथी घातली.

"माझ्याच हातानं पोरीचं औषध वाया घालवलं," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

"आत्या, उपासाला चहा चालतो हे मलापण ठाऊक होतंच की," वर्षाली म्हणाली.

मला वाटलं, संपला आपला मान. पण दुसऱ्या दिवशी गोजाबाई एक तास आधी उठल्या. पावणेपाचला वर्षालीच्या हातात गोळी आणि पाण्याचा तांब्या दिला आणि स्वतःही चहाशिवाय बसून राहिल्या. एकादशीलाही चार कप लागणारी बाई! मग तासभर दोघी बोलत बसल्या, माहेरचं, बसमधलं, शेजारच्या मंजुळाबाईंचं. इतक्या वर्षांत त्या अशा निवांत कधी बसल्या नव्हत्या. पावणेसहाला मी गॅसवर चढले. तेव्हापासून रोज असंच.

दोन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला, इतका की वाढवलेला डोस कमी करावा लागला. वर्षाली लाइनवर परत गेली. त्या दिवशी ती म्हणाली, "आत्या, आता तुम्ही तरी वेळेवर चहा घेत जा."

"तुझी गोळी जलमभर हाय ना?" गोजाबाई म्हणाल्या. "मग माझा उपासबी जलमभर."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला अशी गोळी असेल तर ती कशी घ्यायची, ते डॉक्टरांना नीट विचारून घ्या. आणि ती घेतल्यावर तासभर त्यांच्यापाशी बसा. तेवढा वेळ तुमच्या पातेलीला पालथी राहू द्या, तिला राग येणार नाही.