पऱ्हाटीतला टिकटिक्या

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, पण लोणच्याचा नव्हे! माझ्या पोटात किरणं मोजणारी नळी आहे. मातीतून आणि आकाशातून थोडी किरणं सगळीकडे येतच असतात. एखादं नळीत शिरलं की मी ‘टिक’ म्हणतो आणि तो आकडा तारेविना दूर पाठवतो. नांदुऱ्यातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वाहेदभाईंनी माझ्या डोक्यावर अँटेना बसवली आणि म्हणाले, “बेटा, मॅडमले खोटं नको सांगू हं!”

मॅडम म्हणजे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या शरयू मॅडम. मातीतली किरणं मोजायच्या प्रयोगासाठी त्यांनी मला गावाबाहेर सत्यभामाबाईंच्या शेतात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर बसवलं. मी तिथे टिकटिक करायचो आणि आकडे कॉलेजातल्या खोलीत उमटायचे. बाई मला ‘टिकटिक्या’ म्हणायच्या. जाता-येता माझ्यावरची धूळ पदराने पुसायच्या. मी अगदी लाडावून गेलो होतो.

त्या वर्षी ऐन बोंडं धरायच्या वेळी बीटी कपाशीची पऱ्हाटी लाल पडली. लाल्या रोग साऱ्या शिवारात आला होता, पण शिवारात किरणांचा डबा मी एकटाच! लोकांनी बाईंचे कान भरले. एका सकाळी त्या कुऱ्हाड घेऊनच आल्या. नेमक्या तेव्हा मॅडम आपल्या लहानग्या गार्गीला घेऊन माझे सेल बदलायला आल्या होत्या.

“हा मेला किरनं सोडते! माही पऱ्हाटी खाल्ली यानं!” बाई कडाडल्या.

“सोडत नाही हो, मोजतो,” मॅडम म्हणाल्या.

“मंग आकडे पाठवते म्हंता, ते काय?”

“रेडिओवर बातम्या येतात ना, तसेच ते आकडे येतात.”

बाईंना पटेना. तेव्हा मॅडमनी गार्गीला माझ्याजवळ बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि जेवणाचा डबा सोडला. गार्गी मला टेकून भाकरी खाऊ लागली. माझा तर जीव मुठीत!

बाई बघतच राहिल्या. “जहराजवळ कोनी आपलं लेकरू बसवते का?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. कुऱ्हाड खाली ठेवली. “सरक वं माय, मलेही बसू दे.”

पऱ्हाटी काही सुधारली नाही, कापूस निम्माच निघाला. तरी बाईंनी जुन्या लुगड्याची सावली माझ्यावर बांधली. ती माया मी विसरलो नाही.

पुढे प्रयोग संपला, मॅडम दुसऱ्या गावी गेल्या आणि मी कॉलेजच्या कपाटात आलो. ठेवताना माझे सेल काढायचे राहिले. ते पाझरले आणि माझा आवाज गेला. सत्यभामाबाई बाजाराला आल्या की अजून शिपायाला विचारतात, “माहा टिकटिक्या बरा हाय न?” तो न बघताच म्हणतो, “हाव.” मी जन्मात कधी खोटं सांगितलं नाही, पण आता मला खरंही सांगता येत नाही. मित्रांनो, कुणालाही कपाटात ठेवताना त्याचे सेल तेवढे काढून ठेवा.