वेणी घालणारा माणूस

फाल्गुन उतरणीला लागला होता. विद्यापीठाच्या टेकडीवर पळस पेटला होता. पानं गळून गेली होती, नुसता रंग उरला होता. केशरी, कोवळा, कासावीस करणारा रंग. कललेल्या दुपारची सोनसावळी उन्हं नाट्यशास्त्र विभागाच्या कौलारू रंगमंदिरावर थकून टेकली होती.

त्या उन्हातून यशवंता ढोबळे टेकडी चढत आला. एसटीचा ड्रायव्हर, घाटरस्त्यांचा जाणता, बोलण्यात कंजूष. लेकीचं नाव इथून काढायचं आणि तिला आजच घरी न्यायचं, असं ठरवूनच तो निघाला होता. रेवतीने नाटक शिकायला नाव घातलं आणि डेपोत त्याला तोंड दाखवायची सोय उरली नाही. "नाटकं करायला शिकवावं लागतंय व्हय रं? आमच्या घरात तर उपजत येत्यात!" म्हणत सगळे खिदळत. जगाच्या तोंडाला कोण हात लावणार? पण ते हसणं त्याच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

त्याने रेवतीचं नाव घेतलं तशी दारातली एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "काका, आत तास चालू आहे. मागे बसा ना. संपला की रेवतीला सांगते."

आत अंधार होता. शीतल, श्यामल, मखमली अंधार. यशवंता शेवटच्या रांगेत अंग चोरून बसला. दूर रंगमंचावर प्रकाशाचं एकच वर्तुळ होतं, आणि त्या वर्तुळात त्याची लेक होती.

आजचा पाठ मूकाभिनयाचा होता. आपण रोज पाहिलेला एक माणूस शब्दांविना, वस्तूंविना, केवळ देहातून उभा करायचा. रेवतीने खांदे किंचित पाडले, मान आत घेतली. आणि ती केतकीवर्णी, सडपातळ पोर बघता बघता एक थकलेला, रुंद हातांचा पुरुष झाली.

त्या पुरुषाने समोर एका लहानगीला बसवलं. तिचे न दिसणारे केस हातात घेतले. फणी अडकली. त्याने दातांत रिबीन धरली, तीन पेड घातले, ते सुटले, पुन्हा घातले, पुन्हा सुटले. राकट, रांगडी, घाबरलेली बोटं केसांत चाचपडू लागली. वर्गात हशा पिकला. पोरं पोट धरधरून हसली.

यशवंता हसला नाही. ती बोटं त्याची होती.

पारू, त्याची बायको, गेली तेव्हा रेवती पाच वर्षांची होती. तेराव्याचे पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या सकाळी शाळेच्या वेळेला पोर केस मोकळे सोडून त्याच्यापुढे येऊन बसली होती. त्याने उभ्या जन्मात वेणी घातली नव्हती.

रंगमंचावर वेणी पुरी झाली. वाकडी, सैल, पण पुरी. माणसाने लहानगीला वाटेला लावलं, हात हलवला, दार लोटून घेतलं. मग फणीत अडकलेला एक केस तो ओढू लागला. हात लांब जात राहिला, लांब, फार लांब. पाच वर्षांच्या पोरीचा केस नव्हता तो. त्याने तो बोटाभोवती हलकेच गुंडाळला, वेढ्यावर वेढा, आणि मूठ मिटून घेतली. वर्गातलं हसू केव्हाच विरलं होतं.

हे आपल्याशिवाय कुणी पाहिलंच नाही, अशी यशवंताची समजूत होती. पोर पाटी विसरून माघारी फिरली होती तर! दाराच्या फटीशी उभी राहिली होती, आणि इतकी वर्षं तिने ते कुणाला, अगदी त्यालाही, सांगितलं नव्हतं. सांगण्याची जागाच तिला घरात नव्हती. ती इथे सापडली होती, आणि आज तो तीच मोडायला आला होता.

"थांबलीस का?" सरांनी विचारलं. "पुढे काय करतो तो माणूस?"

"माहीत नाही, सर." रेवती म्हणाली. "रडत असतील. पण अण्णांना रडताना मी कधी पाहिलंच नाही. इथून पुढे मला येत नाही."

मागच्या रांगेतून हुंदका फुटला. जुना, जडावलेला, वाटच ठाऊक नसलेला हुंदका. सगळे चमकून वळले. कुणीतरी बटणाकडे धावलं.

"दिवे नकोत," सर हळूच म्हणाले. "असू दे अंधार."

आयुष्यात कधी न ऐकलेला तो आवाज रेवतीने ओळखला. ती पायऱ्या उतरली, खुर्च्यांमधून चाचपडत मागे आली, बापाच्या पायाशी बसली.

"अण्णा, घरी जायचं का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"तुझा तास होऊ दे, पोरी," तो म्हणाला. "मी बसतो हितं."

कौलांच्या फटींतून आलेली शेवटची किरणं विझत गेली. लेक पुन्हा प्रकाशात जाऊन उभी राहिली. आणि अंधारात तिचा बाप रडत राहिला, सावकाश, मोकळा, एकटा.