तारीख उलटलेली डबी

“दादा, भांडण विसरलास असं वाटलं होतं. तारीख उलटलेली डबी मुद्दाम पाठवलीस का?” धाकट्या बहिणीच्या या पत्राला त्यांनी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. आधी दुकानाची लबाडी पकडायची, मगच लिहायचं, असं ठरवून ते आज आले होते. त्यांनी काउंटरवरची क्रीमची नवी डबी उलटी केली आणि खिशातून भिंग काढलं.

तळावरची तारीख दोनदा वाचली. वर दुसरा कागद चिकटवलेला तर नाही ना, म्हणून आकड्यांवर नख घासलं. झाकणाखालचं सील दाबून पाहिलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. छापलेल्या आकड्यावर त्यांचा सहजासहजी विश्वास बसत नसे.

“काका, परीक्षा डबीची चाललीय की माझी?” दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं.

त्यांचे कान तापले. बहिणीने परत पाठवलेली डबी त्यांनी पिशवीतून काढून पुढे ठेवली.

“ही इथूनच घेतली होती. जुना माल. तिच्या गालांवर पुरळ उठलं.”

“इथूनच, कशावरून?”

याच प्रश्नाची ते वाट पाहत होते. पिशवीतलं पुस्तक उघडून त्यांनी खूण म्हणून ठेवलेलं बिल काढून दिलं.

बाईंनी बिल पाहिलं, डबीचा तळ पाहिला, पुन्हा बिल पाहिलं.

“अहो, हे तीन वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा डबी जेमतेम महिन्याभराची होती. पुढे दोन वर्षं टिकली असती.” मग जरा हळू, “तुम्ही पाठवलीत कधी?”

त्यांनी बिलावर भिंग धरलं. ते बराच वेळ हललं नाही. भांडणानंतर आठवड्याभरात डबी घेतली होती. सोबत चार ओळी लिहायच्या होत्या, पण प्रत्येक कागदात काहीतरी खटकायचं आणि तो फाटायचा. डबी पुस्तकांमागे पडून राहिली. शेवटी गेल्या वर्षी पत्राविनाच पाठवली. मध्ये इतका काळ गेला असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

“पाणी देऊ का, काका?”

“नको. ही नवी द्या. आणि एक कोरा कागद.”

काउंटरच्या कोपऱ्यावर त्यांनी उभ्यानेच लिहिलं: “मुद्दाम नाही. भांडणानंतर लगेच घेतली होती. पत्र जमेना म्हणून माझ्याकडेच राहिली. ही आज घेतली, आजच पाठवतोय. दादा.”

पोस्टातल्या कारकुनाने चिकटपट्टी हातात घेतली.

“बंद करू?”

त्यांचा हात भिंगाकडे गेला आणि खिशातच थांबला.

“करा,” ते म्हणाले.