हॉलमधला झरा आणि फिंटनचा उजवा हात

मंगळवारी सकाळी अट्रॅक्टा मॅकमॉरोबाईंच्या घराशी पोचले, तर व्हॅन लावायला जागा नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी, एक ट्रॅक्टर, आणि पावसात भिजत उभी असलेली चाळीसएक माणसं. कुणाच्या हातात दुधाची रिकामी बाटली, कुणाच्या हातात व्हिस्कीची. लिट्रिमसारख्या बारमाही पावसाच्या मुलखात माणसानं डोक्यावर पाऊस घेत पाण्यासाठी रांग लावावी, हाच खरं तर पहिला चमत्कार.

"रांगेत ये, डिम्पना!" पॅकी फ्लिन ओरडला. "झरा सगळ्यांना सारखाच!"

"मी बॉयलर बघायला आलेय, पॅकी. तुझे पाय का रे असे सुजलेत?"

"बरं व्हायच्या आधी सुजतातच म्हणे. तीन आठवडे झाले, हृदयाच्या गोळ्या बंद केल्यात. हे पाणी पितो, रोज दोन पेले. फिंटननं सांगितलंय."

ते पाणी कुठून येत असेल याचा मला अंदाज होता, पण आधी खात्री करायला हवी होती.

गेली सव्वीस वर्षं मी या भागातले, घरं उबदार ठेवणारे तेलावरचे बॉयलर दुरुस्त करतेय. अट्रॅक्टाबाईंचा बॉयलरही माझ्याकडेच असतो. मार्चमध्ये त्यांचे यजमान जार्लथ गेले. सप्टेंबरात हॉलमधल्या त्यांच्या खुर्चीखालची फरशी गरम लागायला लागली, आणि पुढच्याच आठवड्यात फरशीच्या सांध्यातून कोमट पाणी झिरपू लागलं. बाई एकट्या, घर गार, आणि ऊब नेमकी नवऱ्याच्या जागेवर. त्यांच्या जागी कुणाच्याही मनात जे आलं असतं, तेच त्यांच्याही मनात आलं. त्यांनी फिंटन टर्लीला बोलावलं.

फिंटन म्हणजे सातव्या मुलाचा सातवा मुलगा. अशा माणसाच्या हाताला गुण असतो, असं आमच्याकडे मानतात. त्याच्या आधीच्या सहा 'मुलां'पैकी दोघी बहिणी आहेत, हे मला माहीत आहे, कारण त्यातली एक माझ्या वर्गात होती. पण गुणापुढे गणित कोण विचारतो? तो पैसे मागत नसे. कुणी टेबलावर पाकीट ठेवलं, तर उचलायला मात्र विसरत नसे.

"जार्लथ गेला नाही!" हॉलमध्ये फिंटन हात पसरून सांगत होता. "तो खाली आहे, आणि खालून देतोय! पण त्यालाही थकवा येतो. तो थकला की घर गारठतं. चला, त्याला बळ देऊ."

सगळे मागच्या बॉयलरच्या खोलीत घुसले. दाबाच्या तबकडीवरचा काटा शून्याला टेकला होता. फिंटन गुडघ्यावर बसला, डाव्या हातानं जपमाळ उंच धरली, डोळे मिटले आणि पुटपुटू लागला. बॉयलरच्या मागून बारीक 'स्स्स' आवाज आला.

"ऐकलंत? जार्लथचा श्वास!"

काटा हलला. अर्धा, एक, दीड. बायकांनी छातीवर क्रॉस काढले. थोड्या वेळानं वरच्या मजल्यावरचे रेडिएटर गरम होऊ लागले आणि कुणीतरी रडायला लागलं. सगळ्यांचे डोळे जपमाळेवर होते. मी फिंटनचा उजवा हात शोधत होते. तो बॉयलरच्या मागे होता.

गर्दी पांगल्यावर अट्रॅक्टाबाईंनी चहा केला. मी म्हटलं, "बाई, राग मानू नका. बॉयलरचं गरम पाणी रेडिएटरकडे नेणारी तांब्याची नळी तुमच्या फरशीखाली फुटलीय. पाणी तिथून गळतं, म्हणून दाब उतरतो. फिंटन मागच्या तोटीनं नवं पाणी भरतो, म्हणून चढतो."

त्यांनी कप खाली ठेवला. "मला ते ऐकायचं नाही, डिम्पना. मी रोज सकाळी तिथं अनवाणी उभी राहते. तुला काय कळणार!"

एका बाईच्या पायाखालची ऊब काढून घ्यायला मलाही बरं वाटत नव्हतं. शेवटी म्हटलं, "पॅकी फ्लिननं गोळ्या सोडल्यात. आणि गंज चढू नये म्हणून गेल्या वर्षी मीच या नळ्यांमध्ये रसायन घातलंय. ते तो रोज दोन पेले पितोय."

त्या उठल्या आणि कप विसळायला लागल्या. मग म्हणाल्या, "तुझं खरं असेल, तर दाखव. नुसतं बोलू नकोस."

गुरुवारी मी वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरमधून गळती शोधायचा रंग सोडला आणि बाईंच्या हातात एक बंद लिफाफा दिला. "उद्या सगळे जमले की फोडा. आणि तोवर कुणाला बाटलीत पाणी भरू देऊ नका."

शुक्रवारी सकाळी फरशीतून पाणी आलं ते हिरवंगार.

मला वाटलं होतं, आता संपलं. कसलं काय! फिंटन क्षणभर पांढराफटक पडला, आणि मग त्यानं अशी आरोळी ठोकली की भिंतीवरची तसबीर हलली. "हिरवं! आपल्या देशाच्या संत पॅट्रिकचा रंग! खुद्द पॅट्रिक या घरी आला!" लोक गुडघ्यावर कोसळले. पॅकी बाटली घेऊन पुढे सरसावला. सव्वीस वर्षांचा माझा अनुभव, आणि त्यातून मी काय साधलं, तर गावाला आणखी एक संत मिळवून दिला!

"थांबा!" अट्रॅक्टाबाईंनी लिफाफा फोडला. त्यांनी मोठ्यानं वाचलं. "'उद्या सकाळी हे पाणी हिरवं होईल. रंग मी बॉयलरच्या पाण्यात घातला आहे. डिम्पना गिलरेन. गुरुवार.' पॅट्रिक येणार हे हिला कालच कसं कळलं, फिंटन?"

"सैतानालाही पुढचं दिसतं!" फिंटन गरजला.

"मग चल बॉयलरपाशी. काटा पुन्हा खाली आलाय. तुझी प्रार्थना होऊ दे. फक्त दोन्ही हात डोक्यावर ठेव."

तो नाही म्हणू शकला नाही. चाळीस माणसं बघत होती. दोन्ही हात डोक्यावर ठेवून त्यानं प्रार्थना म्हटली. मग सगळ्यांनी मिळून म्हटली. मग पुन्हा म्हटली. काटा ढिम्म.

"इथं अविश्वासू माणूस आहे," फिंटन घाम पुसत म्हणाला. "त्यानं शक्ती अडते."

"डिम्पना मंगळवारीही इथंच उभी होती. तेव्हा नाही अडली?" असं म्हणून बाई स्वतः खाली बसल्या. गुडघे कटकट वाजले. "कुठंय गं ती तोटी?"

"मागे चंदेरी जाळीची नळी लागेल. तिच्या टोकाला छोटी काळी मूठ आहे. हळूच फिरवा."

'स्स्स' आवाज झाला. काटा हलला. अर्धा, एक, दीड.

"कुठली प्रार्थना म्हटलीस, अट्रॅक्टा?" पॅकीनं हळूच विचारलं.

"प्रार्थना कसली! फिंटनला शिव्या घालत होते."

आधी एकजण हसला, मग सगळेच. त्या हसण्यात फिंटन कधी बाहेर सटकला ते कळलं नाही. नळसामानाच्या दुकानात त्यानं दोन वर्षं नोकरी केली होती, हे नंतर त्याच्या बहिणीकडून कळलं.

दुपारी मी फरशी फोडली. नळीला भोक होतं ते सुईच्या टोकाएवढं असायला हवं होतं, निघालं वाटाण्याएवढं. कारण दर वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर ताजी हवा आत जाते आणि नळी आणखी सडते. फिंटन जितकी प्रार्थना करत गेला, तितका झरा मोठा होत गेला, आणि लोक म्हणत गेले की गुण येतोय.

पॅकीला त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. अकरा दिवस दवाखान्यात राहून तो परतला. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर परतला नसता, असं डॉक्टरांनी त्याच्या तोंडावर सांगितलं.

नवी नळी जोडून फरशी बसवली तेव्हा बाई तिच्यावर अनवाणी उभ्या राहिल्या. फरशी गार होती. त्या रडल्या, आणि मी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "दुःख माझं खरं होतं, डिम्पना. त्या मेल्या फिंटननं नेमकं तेच वापरलं."

म्हणूनच सांगते. डोळे मिटायला सांगणारा भेटला, तर तेव्हाच ते उघडे ठेवा. पाणी कुठून येतं ते विचारा. कुणी कितीही पवित्र बोलला, तरी डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका. प्रश्न विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो मधला माणूस.

पुढचे काही दिवस लांबलांबच्या गावांहून बाटल्या घेऊन लोक येतच राहिले. तेव्हा अट्रॅक्टाबाईंनी फाटकावर पुठ्ठा लावला, ठसठशीत अक्षरात: 'झरा नव्हता, गळती होती. पाणी पिऊ नका, आपापली औषधं घ्या. विश्वास बसत नसेल, तर आत या. तोटी दाखवते.'