सावकाश होऊ द्या

“काका, जाळी उचला,” संतोष म्हणाला.

वेणीमाधवरावांनी जाळी उचलली. त्यातून पाणी गळालं, तळाशी थोडं शेवाळ राहिलं आणि कुठल्याशा बाटलीचं एक निळं झाकण. संतोषने सवयीने वजनकाटा पुढे केला होता, तो त्याने हळूच पाठीमागे घेतला.

“भोपळा!” मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. वेणीमाधवरावही हसले. माणसाने हसावं तेवढंच हसले, आणि मग झाकण खिशात घातलं. उगाच तळ्यात कचरा कशाला!

या मंडळींची रीत अशी होती. पावसाळा सरला की इगतपुरीच्या अलीकडे पिंपळदऱ्याच्या तळ्यावर गळाच्या चार स्पर्धा व्हायच्या. सकाळी पिशवीतून हौजीचा आकडा काढायचा आणि त्या आकड्याच्या खुंटीपाशी बसायचं. दुपारपर्यंत धरलेले मासे पाण्यातल्या जाळीत जिवंत ठेवायचे, शेवटी वजन करायचं आणि सगळे परत तळ्यात सोडायचे. ज्याच्या जाळीचं वजन जास्त, तो पहिला आणि बक्षिसाची ढाल त्याची. वेणीमाधवराव गेल्या तिन्ही स्पर्धांत शेवटचे आले होते. शेवटचे म्हणजे तरी काय, शेवटून दुसऱ्याच्या जाळीत निदान एक चिलापीसारखी बारकी मासळी असायची!

संतोषचं नाशकात पाण्याच्या पंपांचं दुकान होतं आणि रविवारी तो या मंडळाचा सेक्रेटरी असे. त्याने काकांना जरा बाजूला घेतलं. “काका, राग मानू नका. कमिटीचं ठरलंय. खुंट्या मोजक्या आणि नाव लावून बसलेली पोरं ढीगभर. आख्ख्या सीझनमध्ये ज्याला एकही मासा लागत नाही, त्याची जागा पुढच्या वर्षी दुसऱ्याला.”

“एकही म्हणजे… अगदी लहानसा चालेल ना?”

“काका, बोटाएवढा चालेल. पण धरा हो!”

आता तुम्ही म्हणाल, नाही मिळाली जागा तर कुठे आभाळ कोसळणार आहे? पण वेणीमाधवरावांचं कोसळणार होतं. घराणं पंचवटीतलं, पौरोहित्याचं. थोरले भाऊ दादा यजमानांचं सगळं बघत आणि हे पाटबंधारे खात्यात कारकून होते. उभी नोकरी धरणांचं पाणी कागदावर चढवण्या-उतरवण्यात गेली. घरात त्यांची ओळख एकच, गुरुजींचा धाकटा भाऊ. फक्त एक काम त्यांचं स्वतःचं होतं. एकादशीला आई रामनाम घेत कणकेच्या गोळ्या वळायची आणि वेणू त्या घाटावर नेऊन माशांना घालायचा. शेवटी शेवटी आईला खाटेवरून उठवत नव्हतं, तेव्हाही ती पडल्या पडल्या वळायची. वेणू परतला की विचारायची, “जेवले का रे सगळे?” हे म्हणायचे, “जेवले.” मग ती डोळे मिटायची.

आई गेली. त्यानंतर एकदा ते घाटावर गेले, पायरीवर बसले आणि त्यांना रडू आलं. लगेच चार जणांनी गाठलं, “श्राद्ध करायचंय का काका? दादांना बोलवू?” घाटावर म्हणजे धड रडायचीही सोय नाही! पिंपळदऱ्याला मात्र कोणी काही विचारत नसे. पाणी असे, मासे असत आणि डब्यात कणीक असे. ती खुंटी म्हणजे त्यांचा घाटच झाला होता, आणि आता तीच जायची वेळ आली होती.

बरं, ते शिकत नव्हते असं नाही. शिकण्याची त्यांना फार हौस. पहिल्या भोपळ्यानंतर त्यांना कळलं की काठी भिकार आहे, म्हणून नवी घेतली. शेजारच्या सिंधुबाईंनी जिन्यातच हटकलं, “काय हो, एवढी लांब काठी?” तेव्हा “पडद्याची” असं सांगून सुटले. दुसऱ्या भोपळ्यानंतर कळलं की वेळ चुकली, म्हणून तिसऱ्या खेपेला पंचांगात बघून बरोबर अमृत वेळेला गळ टाकला. तिसरा भोपळा अमृत वेळेतलाच. आता त्यांना कळलं की आपण मुठीने पाण्यात टाकतो तो चारा कमी पडतोय.

“अहो, परातभर कणीक नेली होती!” गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांचा या प्रकाराला आधीपासूनच विरोध होता. मासा घरात येणार नाही या एका अटीवर त्यांनी परवानगी दिली होती. “आणि माझं साजूक तूप घालून! वर वेलदोडा! आणि मला एक सांगा, सोडायचाच असेल तर धरता कशाला?”

हा प्रश्न त्या दर वेळी विचारत आणि वेणीमाधवराव दर वेळी दुसरंच काही बोलत. ते म्हणाले, “या खेपेला दोन पराती नेतो.”

पण त्याआधी दादांकडे मावंदं आलं. दादा-वहिनी काशी करून आले होते, पंचवटीतली सगळी आळी जेवायला होती. वेणीमाधवरावांकडे जिलबी होती. आग्रह करण्यात त्यांचा हात धरणारं त्या घराण्यात कोणी नव्हतं. वरणभात पानात पडतो न पडतो तोच ते जिलब्यांचं ताट घेऊन पंगतीत शिरले. “घ्या हो, एक काय, दोन घ्या! लाजताय काय! आमच्या आईची शपथ आहे!” वाढत वाढत शेवटच्या पानापर्यंत गेले, वळले आणि पुन्हा सुरुवातीपासून आले. “सावकाश होऊ द्या, मंडळी! सावकाश होऊ द्या!”

मागून मसालेभाताचं पातेलं घेऊन गोदावरीबाई आल्या. पण बघतात तो काय, सगळ्या पंगतीने पानांवर पालथे हात धरलेले. “नको, नको! वहिनी, बास!” एक यजमान तर अख्खे पानावर ओणवे झाले होते.

“कमाल आहे तुमची!” गोदावरीबाई तिथल्या तिथे कडाडल्या. “आधीच गळ्यापर्यंत भरवलंत, आता हा भात कोण खाणार? मी पहाटेपासून काय तुमची तोंडं बघत रांधत होते? माणसाची थोडी भूक ठेवावी हो!”

वेणीमाधवराव जिलबीचं ताट घेऊन पंगतीच्या मधोमध उभे राहिले. त्यांना त्या ओणव्या यजमानांच्या जागी एक गलेलठ्ठ रोहू दिसला. नंतर त्याच्या शेजारी आणखी एक दिसला. सगळी पंगत जेवून तृप्त बसली होती, आणि गळाला लावलेली ती एक गोळी म्हणजे गोदावरीबाईंचा मसालेभात!

“अगं,” ते एकदम म्हणाले, “मी त्यांना जेवूच घालत होतो!”

“मग काय उपाशी ठेवणार होता?” गोदावरीबाई म्हणाल्या. “व्हा बाजूला, भात निवतोय.”

चौथ्या स्पर्धेला गोदावरीबाई स्वतः आल्या. “माझं तूप कुठं जातं ते मला बघायचंय,” असं त्यांनी कारण दिलं. त्यांच्या पिशवीत कणकेचा भलामोठा गोळा होता, पण वेणीमाधवरावांनी सुपारीएवढी कणीक तोडून घेतली आणि उरलेली डब्यात बंद करून डबा बायकोकडे दिला. “मी मागितला तरी देऊ नकोस,” असं निक्षून सांगितलं.

शेजारच्या खुंटीवर सोमनाथ होता. दिंडोरीकडचा द्राक्षवाला, तिन्ही स्पर्धांचा विजेता. हौजीचा आकडा कुठलाही निघो, कोणाशी तरी गोड बोलून तो काकांच्या शेजारची खुंटी मिळवायचाच. वेणीमाधवरावांना वाटायचं, किती जीव लावतो पोरगा! येताना भेळ आणायचा आणि त्यांनी मुठीने कणीक फेकली की म्हणायचा, “टाका काका, टाका! लय पुन्याचं काम हाय.”

आज तास होत आला तरी काकांच्या बाजूने काही पडेना, तसा सोमनाथ चुळबुळ करू लागला. “काका, आज पंगत नाय का?”

“नाही,” वेणीमाधवराव म्हणाले.

“थोडी तरी टाका ना. एकादशी हाय का?”

“अरे, तुला काय करायचंय माझ्या पंगतीशी?”

सोमनाथ ओशाळून हसला. “आता काय लपवायचं काका. तुमच्याकडं गावभरचे मासे गोळा व्हत्यात. गर्दीत ज्यांना भेटत नाय, ते माझ्याकडं येत्यात. मी एकच गोळी ठेवतो, बाकी काय नाय.”

वेणीमाधवराव त्याच्याकडे बघतच राहिले. तीन ढाली! तीन ढाली या गड्याने त्यांच्या तुपावर मिळवल्या होत्या! मागे गोदावरीबाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. वेणीमाधवरावांना राग यायला हवा होता, पण त्यांनाही हसूच आलं. “हलकट आहेस लेका,” ते मायेने म्हणाले आणि त्यांनी नखाएवढी एक गोळी गळापाशी टाकली. फक्त एक.

त्यानंतरचा वेळ काढणं फार कठीण गेलं. पाण्यावर बुडबुडे येऊ लागले. खाली मासे जमले होते, उपाशी होते, आणि वेणीमाधवरावांचा हात शिवशिवत होता. आईने जन्मभर एकच शिकवलं होतं, दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये. ते मागे वळून म्हणाले, “अगं, जरा डबा दे.”

“देणार नाही.”

“थोडीशीच. बिचारे वाट बघताहेत गं.”

“तुम्हीच सांगितलंय ना? समोर बघा.”

त्यांनी समोर बघितलं, तर पाण्यावर तरंगणारी लाल काडी जागेवर नव्हती. आधी त्यांना वाटलं, चष्मा पुसायला हवा. मग काठीला असा हिसका बसला की ते जागेवरून उठूनच उभे राहिले. “अगं! अगं!” एवढंच ते म्हणत होते. सोमनाथ स्वतःची काठी टाकून धावला. “ओढू नका काका! पळू द्या त्याला! दमू द्या!” वेणीमाधवराव काय ऐकतात! ते मासा ओढत होते, मासा त्यांना ओढत होता, आणि गोदावरीबाईंनी मागून त्यांचा सदरा घट्ट धरला होता. शेवटी सोमनाथने जाळं खाली घातलं आणि हातभर लांबीचा, तांबूस खवल्यांचा रोहू वर आला.

“काका, जाळी उचला,” दुपारी संतोष म्हणाला. या खेपेला त्याने पुढे केलेला काटा मागे घेतला नाही. वेणीमाधवराव त्या दिवशी शेवटून तिसरे आले. तिसरे! सोमनाथच्या जाळीत दोन चिलापी होत्या. टाळ्या मात्र सगळ्यात जास्त वेणीमाधवरावांना मिळाल्या. संतोष त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, “पुढच्या वर्षीची खुंटी पक्की, काका.”

वेणीमाधवरावांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष माशाकडे होतं. ते धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले आणि रोहूला दोन्ही हातांवर आडवा धरून उभे राहिले. दमलेला मासा लगेच जाईना. कल्ले उघडत मिटत तो तळहातांवर पडून राहिला. आईसुद्धा शेवटच्या दिवसांत अशीच हातावर पडून राहायची, पाणी पाजायला उचललं की. तेव्हा हात मोकळे करायचा धीर त्यांना झाला नव्हता. आज त्यांनी हात हळूहळू खाली नेले. मासा हलला, शेपटी त्यांच्या मनगटाला लागली आणि तो गेला.

गोदावरीबाई काठावर उभ्या होत्या. सोडायचाच असेल तर धरता कशाला, हे त्यांनी या वेळी विचारलं नाही. “उपाशीच गेला हो,” एवढंच म्हणाल्या. मग चपला काढून पाण्याच्या कडेला आल्या, डबा उघडला आणि कणकेचा गोळा तोडून तोडून भराभरा पाण्यात टाकू लागल्या. साजूक तुपातली सगळी कणीक. बघता बघता पाणी खदखदलं, लहानमोठी तोंडं वर आली.

सोमनाथ दुरून ओरडला, “काकू, आता टाकताय व्हय! स्पर्धा संपल्यावर!”

दोघांनीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. डबा रिकामा झाला. गोदावरीबाईंनी तो पाण्यात विसळला, पदराला हात पुसले. हळूहळू पाणी शांत झालं.

“जेवले सगळे,” वेणीमाधवराव म्हणाले. विचारलं कोणीच नव्हतं.