मान धरलेली फुलं

मागच्या अंगणात फरशी घालायची, वर पत्रा टाकायचा आणि तिथं गाडी उभी करायची, हे सासऱ्यांचं पक्कं ठरलं होतं. गवंड्यालाही सांगून झालं होतं. गाडी जुनीच, पण निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली. तिला ते 'राणी' म्हणायचे, आणि राणी रस्त्यावर उभी राहून पाखरांच्या शिटा झेलते याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. त्यात मी आडवी आले. बाळंतपणानंतर घरात बसून माझा जीव घाबरा व्हायला लागला, म्हणून त्याच अंगणात मी चार वाफ्यांत झिनिया पेरला होता. बघता बघता तो कमरेला लागला.

"बहर संपेपर्यंत थांबतो," सासरे म्हणाले. "तोवर दर आठवड्याला फुलं घेणारं गिऱ्हाईक मिळालं तर अंगण तुझं. नाहीतर राणीचं."

"आयुष्यभर सवत नव्हती," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "म्हातारपणी दारात आणून उभी केली."

मला ते अंगण हवं होतं. दिवसभरात तेवढ्या चार वाफ्यांतच माझा श्वास मोकळा व्हायचा. एरवी मी ठमाबाईवर पहारा देत असे. ठमाबाई म्हणजे माझी लेक, हे नाव आजीनं ठेवलेलं. ती किती वाजता प्यायली, किती झोपली, झोपेत छाती वरखाली होतेय ना, सगळं मी वहीत लिहायची. त्याच वहीच्या मागच्या पानांवर झिनिया होता. कुठल्या वाफ्यात किती कळ्या, मावा कुठं पडला, पाणी कधी दिलं.

गिऱ्हाईक मी शोधलं. बाजारातल्या फुलांच्या दुकानवाल्या बाईंनी माझी नमुन्याची फुलं उलटसुलट करून पाहिली.

"सोमवारी चाळीस जुड्या आणा. शुक्रवारपर्यंत उभ्या राहिल्या तर दर सोमवारी घेईन. दिसायला चांगली आहेत हो, पण दिसायला माझे मोठे जावईपण चांगले आहेत. मला टिकाऊ माल लागतो."

आता, मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. गुलाब कळीत तोडतात म्हणजे तो जास्त दिवस टिकतो, हे मला माहीत. तोच न्याय झिनियाला लावून मी अर्धवट उमललेली, कोवळी फुलं वेचून वेचून कापली. चाळीस जुड्या राणीच्याच मागच्या सीटवर बादल्यांत घालून सासऱ्यांनी दुकानात पोचवल्या. संध्याकाळी फोनवर फोटो आला. सगळी फुलं बादलीच्या काठावरून खाली लोंबत होती. खाली बाईंनी लिहिलं होतं, "ताई, फुलांनी माना टाकल्या. पुढच्या सोमवारी एकदा बघू. मग नाही."

सासरे टेप घेऊन अंगणाची लांबी पुन्हा मोजून आले. त्यांनी बोलून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठमाबाईची अंघोळ उरकून तिला पुसत होते. नेहमीप्रमाणे एक हात तिच्या मानेखाली. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"किती दिवस तो हात ठेवणार आहेस?"

"मान लचकेल, आई."

"चार महिने झाले. मान धरलीय तिनं. काढ बघू." मी काढेना, तेव्हा त्यांनीच माझं मनगट धरून बाजूला केलं. ठमाबाईचं डोकं जरासं डुललं, सावरलं आणि ताठ राहिलं. तिनं आजीकडे असं पाहिलं, जणू हे मी कधीपासून सांगतेय. "महिन्यापूर्वी हात काढला असतास तर पडली असती मान," सासूबाई म्हणाल्या. "आता नाही पडत. ज्याची त्याची वेळ असते."

मी लेकीला त्यांच्याकडे दिलं आणि तशीच ओल्या हातांनी अंगणात गेले.

कोवळं फूल देठावर फुलाच्या वीतभर खाली धरलं आणि हलवलं. डोकं लटलट हललं, तान्ह्या पोरासारखं. शेजारचं पूर्ण उमललेलं धरून हलवलं. ते काठीसारखं ताठ. दोन्ही प्रकारची सहा सहा फुलं कापून दोन पेल्यांत ठेवली आणि वहीत तास लिहायला लागले. लटलटणारी दुपारीच गेली. ताठ होती ती शनिवारी, मी पाणी बदलत असताना, तशीच उभी होती.

सोमवारी पहाटे मी वाफ्यात एकेक देठ हलवत फिरले. हललं की सोडायचं. जुड्या बांधून झाल्यावर मोजल्या तर एकतीस.

"नऊ कमी आहेत," सासरे बादल्या उचलताना म्हणाले. "वाफ्यात इतकी उभी आहेत की. एकेक घाल मधे मधे. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

त्यांनी बादल्या मागच्या सीटवर ठेवल्या, या वेळी मीही पुढे बसले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

दुकानवाल्या बाईंनी आधी आकडाच काढला. "चाळीस म्हटलं होतं."

"बाकीची अजून पक्की नाहीत. ही हलवून बघा."

त्यांनी एक हलवलं, दुसरं हलवलं. तिसऱ्या बादलीतलं अगदी तळातलं ओढून काढलं आणि तेही हलवलं. "शुक्रवारी बोलू," म्हणाल्या.

शुक्रवारी मी एकच दुपटं तीनदा धुतलं. फोन चार वाजता आला.

"बाकीच्या परवाच खपल्या, ताई. दोन जुड्या मी मुद्दाम काउंटरवर ठेवल्या होत्या. अजून शिपायासारख्या उभ्या आहेत. दर सोमवारी आणा. चाळीसचा हट्ट नाही, पक्की असतील तेवढी. आणि ॲस्टर लावाल का हो? तो बहर याच्यानंतर येईल."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा हो म्हटलं, भिंतीला.

शनिवारी, आधीच ठरलेल्या तारखेला, गवंडी आला. त्याला नको म्हणून कळवायचं सासरे विसरले, की त्यांनी मुद्दाम टाळलं, हे मी विचारलं नाही. ते त्याला वाफ्यांपाशी घेऊन गेले. "फरशी राहू दे. या भिंतीलगत सावलीत एक ओटा बांध, बादल्या मावतील असा. शेजारी हौद."

"आणि राणी?" सासूबाईंनी खिडकीतून विचारलं.

"तिला झाकायला कापड आणलंय. आता ती धंद्यात आहे, उन्हापावसाचं कौतुक नको."

गवंड्यानं बायकोसाठी एक फूल तोडायला हात घातला. सासऱ्यांनी त्याचा हात अडवला, देठ वीतभर खाली धरून हलवला आणि नकारार्थी मान हलवली. "याची अजून वेळ आली नाही. ते पलीकडचं घे."

ठमाबाई माझ्या कडेवरून हे सगळं वळून वळून पाहत होती. तिच्या मानेमागे माझा हात नव्हता. तो मी कधी काढला, त्याची वहीत नोंद नाही.