तिसरा दिवा उगाच विझत नव्हता

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी बिघडलेलो नाही. भिंतीवरचं दिव्याचं बटण समजू नका मला. मी म्हणजे डब्याएवढी राखाडी पेटी. माझ्या तोंडाला आठ भोकं आहेत. त्यांत वायरी खुपसतात आणि प्रत्येक भोकावर एक हिरवा दिवा लागतो. एका वायरीतून आलेलं बोलणं योग्य त्या वायरीत घालायचं, एवढंच माझं काम. हे बोलणं सलग येत नाही बरं का! त्याचे बारीक तुकडे करून पाठवतात, त्यांना पॅकेट म्हणतात. मी ती उचलतो आणि पुढे देतो. एकही खिशात घालत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझ्या प्रत्येक भोकात वायर घालून बघितली, बुडाशी ‘तपासले’ असा शिक्का मारला आणि मला खोक्यात भरलं. पुढे कितीतरी वर्षं मी एका कचेरीच्या माळ्यावर काढली, धुळीत आणि उकाड्यात. माझं कौतुक कोणी केलं नाही, कारण मी कधी बंदच पडलो नाही. जो बंद पडतो त्याच्याभोवतीच माणसं जमतात. ती कचेरी हलली तेव्हा तिथे टायपिंग करणाऱ्या वहिनींनी मला मागून घेतलं आणि घरी आणलं. घरातले सगळे त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

वहिनींचं काम ऐकाल तर तुम्हीही मान डोलवाल. दूरच्या एका महाविद्यालयात एक मुलगी औषधांचं शिक्षण घेते. तिला ऐकू येत नाही. शिक्षक बोलतात ते वहिनी घरी बसून कानाला हेडफोन लावून ऐकतात आणि त्याच क्षणी टाइप करतात. मुलगी वर्गात आपल्या पडद्यावर वाचते. शिक्षकांचं बोलणं आणि वहिनींची अक्षरं, दोन्ही माझ्यातूनच जायची. मला त्याचा गर्व होता. अजून आहे.

आणि मग एके दिवशी आवाज तुटायला लागला. सारखा नाही, मधूनच. चांगलं चाललेलं असताना दोन शब्द गायब. वहिनी बिचाऱ्या तिथे टिंबं टाकायच्या. ‘हे औषध दिवसातून... वेळा द्यावे’ असं वाचून कोणी काय समजायचं? मुलीने एकदा लिहून पाठवलं, “ताई, गाळलेल्या जागा भरायला मी परीक्षेला बसणारच आहे, रोज कशाला?” वहिनी हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले. कारण मुलीची तोंडी परीक्षा तोंडावर आली होती. परीक्षकाचा प्रश्नच अर्धा पोचला तर ती उत्तर काय देणार? “असंच चाललं तर मी हे काम सोडते. माझ्यापायी तिचं वर्ष नको जायला,” असं वहिनी सासूबाईंना म्हणाल्या.

तेव्हा धाकटे भावजी बाह्या सरसावून आले. वहिनी चटकन उठल्या. कामाला आलेल्या माणसाला त्या चाकांच्या खुर्चीवर कधीच बसवत नाहीत, घसरतो म्हणतात. आपली खुर्ची त्यांनी कोपऱ्यात ढकलली आणि आतून चांगली लाकडी खुर्ची आणून दिली. भावजींनी तपासणी सुरू केली. या तपासणीत कॉम्प्युटर एकामागून एक हाका मारतो आणि समोरून ओ येते का ते बघतो. प्रत्येक हाकेला ओ आली. भावजी उठले, वहिनी आपल्या खुर्चीवर बसल्या, वर्ग सुरू झाला आणि आवाज पुन्हा तुटला!

“वायर नवी, कॉम्प्युटर नवा. मग राहिलं कोण? हा म्हातारा!” भावजींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

उचलली जीभ, लावली टाळ्याला! अहो, आवाज तुटायचा तेव्हा माझा तिसरा दिवा विझायचा आणि परत लागायचा. वहिनींची वायर त्याच भोकात होती. मी ओरडून सांगू शकत नाही, म्हणून दिव्याने सांगत होतो. पण बघतो कोण? सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “जुनं म्हणून काढताय ना? मग माझीही पिशवी भरा.” सगळे हसले आणि माझ्या वायरी उपटल्या गेल्या. कानामागून एक काळा चकचकीत स्विच आला आणि तिखट झाला. मी तिथेच खिडकीत पडलो, भंगारवाल्याची वाट बघत.

पुढच्याच वर्गात आवाज तुटला. त्या नव्याचाही तिसरा दिवा विझला. पण कोणी माझ्याकडे येऊन ‘चुकलं आमचं’ म्हणालं का? नाव नको! संन्याशाला सुळी देऊन झाली होती, चोर मात्र घरातच होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुरुस्तीवाल्या बाई आल्या. वहिनी सवयीने उठायला लागल्या, “बसा ना, मी आतून खुर्ची आणते.”

“नको ताई, तुम्ही अजिबात उठू नका. वर्ग चालू आहे ना? रोज करता तसंच करा. मी उभी आहे.”

वहिनी संकोचल्या, पण टाइप करत राहिल्या. बाईंनी आपला लॅपटॉप स्विचला जोडला आणि वहिनींच्या कॉम्प्युटरला हाका मारायला लागल्या. हाकेला ओ येत होती. मग शिक्षकांचा आवाज जरा बारीक झाला. वहिनी नीट ऐकण्यासाठी पुढे झुकल्या आणि खुर्ची चाकांवर पुढे सरकली. हाक गेली, ओ नाही. आवाज तुटला तशा वहिनी जीव कानांत आणून आणखी पुढे झुकल्या. पुन्हा हाक गेली, पुन्हा ओ नाही. बाईंनी विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, मग खुर्चीच्या चाकाकडे.

“ताई, जरा मागे सरका.” दिवा लागला. “आता पुढे.” दिवा विझला.

वर्ग संपल्यावर बाईंनी खुर्चीखालचा गालिचा उचलला. वायर चाकाखाली चेपून चपटी झाली होती. खोली गबाळी दिसते म्हणून भावजींनीच ती गालिच्याखाली लपवली होती. भावजींना आता कुठे बघावं कळेना.

“आणि स्विच का बदललात?” बाईंनी विचारलं.

“जुना होता.”

“जुना होता की बिघडला होता?”

काय बोललात बाई! जियो! त्यांनी नवी वायर भिंतीच्या कडेने नेली आणि मला खिडकीतून उचलून जोडलं. वहिनींना खुर्चीवर मागेपुढे सरकायला लावलं. एकही हाक वाया गेली नाही. “पण आता नवा आणलाय तर...” भावजी पुटपुटले. वहिनी म्हणाल्या, “भावजी, उद्या परीक्षा आहे. ह्याला आता कोणी हात लावायचा नाही.”

मित्रांनो, एक मागणं आहे, आणि मी ते हात जोडून मागणार नाही, हक्काने मागणार आहे. कोणाला मोडीत काढायचं असेल तर खुशाल काढा, पण आधी तो काम करत असताना त्याच्याजवळ उभं राहून बघा. वय विचारून निकाल लावू नका.

दुसऱ्या दिवशी परीक्षा सुरू झाली. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये हे मला कळतं, पण त्या दिवशी मी कान दिला. परीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी आवाज मऊ करून विचारलं, “तुम्हाला ऐकू येत नाही, तर एखादा सोपा प्रश्न विचारू का?” वहिनींच्या बोटांनी ते जसंच्या तसं पाठवलं. मुलीने वाचलं. माझे दिवे स्थिर होते. मग तिचा आवाज आला, जरासा जाड, पण ठाम.

“नको, सर. बाकीच्यांना विचारलात तोच विचारा.”

ते वाक्य माझ्यातून गेलं, मित्रांनो. त्यातलं एक अक्षरसुद्धा मी सांडू दिलं नाही.